कर्करोगातून बरे झालेल्या प्रौढांचे श्वसनविकार : कोल्हापूर परिसर

कर्करोगाचे उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनी, काही वर्षांनी, क्वचित दशकभराने डोके वर काढणारे फुप्फुसांचे आणि श्वासमार्गाचे विकार या नोंदीत एकत्र घेतले आहेत. छातीवरचे रेडिएशन, काही ठरावीक औषधे, शस्त्रक्रिया, गिळण्यातला बिघाड आणि घटलेली प्रतिकारशक्ती ही त्यांची मुख्य कारणे. कोल्हापूर जिल्ह्यात फौंड्रीची धूळ, सुताची रुई, चुलीचा व गुऱ्हाळाचा धूर आणि तंबाखू यांची त्यात भर पडते. गाठ गेली, रिपोर्ट चांगला आला, की घर मोकळे होते. पुढे जिना चढताना धाप लागली तर ‘अशक्तपणा आहे’, ‘वय झालं आता’, ‘किमोनं अंग खाल्लं’ अशी कारणे घरातल्या घरात मिळतात. ती कधी बरोबरही असतात, पण फुप्फुस तपासल्याशिवाय त्यांवर विसंबू नये.

रेडिएशनला रुग्णांच्या बोलण्यात ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. स्तन, अन्ननलिका, फुप्फुस किंवा छातीतल्या लसिकाग्रंथी यांवर शेक देताना निरोगी फुप्फुसाचा काही भाग किरणांच्या वाटेत येतोच. शेक संपल्यावर साधारण १ ते ६ महिन्यांत काहींना कोरडा खोकला, बारीक ताप आणि धाप सुरू होते. ही किरणांमुळे आलेली सूज असते, तिथे जंतू नसतो. त्यामुळे अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेऊन फरक पडत नाही. स्टेरॉइडने पडतो, मात्र ती गोळी हळूहळू कमी करावी लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर सूज उलटते. सुजेच्या जागी पुढे व्रण धरतो आणि तो भाग कडक होतो. स्कॅनमध्ये या व्रणाची कड बऱ्याचदा सरळ, पट्टी लावून आखल्यासारखी दिसते, कारण तो फुप्फुसाचा कप्पा पाहत नाही, किरणांची वाट पाळतो. स्तनाबरोबर गळ्याच्या हाडावरही शेक घेतलेल्या बाईच्या फुप्फुसाचे टोक असे पांढुरके दिसले, की जुना क्षयच वाटू शकतो. शेक कुठे आणि कधी घेतला हे तिने सांगितले तर ही गल्लत टळते.

औषधांमध्ये ब्लिओमायसिनचा उल्लेख आधी करावा लागतो. जपानी शास्त्रज्ञ हामाओ उमेझावा यांच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले. हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा एक कर्करोग) आणि वृषणाचा कर्करोग या दोन्हींत ते वापरले जाते. हे दोन्ही आजार बऱ्याचदा तरुण वयात होतात आणि बहुतांश बरे होतात, म्हणून हे औषध घेतलेली माणसे पुढे कित्येक वर्षे जगतात, कष्टाची कामे करतात. ब्लिओमायसिन निष्प्रभ करणारे एक विकर (एन्झाइम) शरीरात बहुतेक ठिकाणी असते, पण फुप्फुसात आणि कातडीत ते फार कमी असते. इजा नेमकी याच दोन ठिकाणी होते. काही रुग्णांच्या पाठीवर चाबकाचे वळ उठल्यासारखे काळे पट्टे दिसतात. एकूण मात्रा ४०० युनिटच्या वर गेली की फुप्फुसाला धोका वाढतो. उतारवय, मूत्रपिंडांची कमजोरी, धूम्रपान आणि छातीवरचा शेक असेल तर कमी मात्रेतही तो असतो.

या औषधाची आठवण उपचारानंतर दहा वर्षांनीही ठेवावी लागते. भूल देताना जास्त प्रमाणात दिलेला प्राणवायू अशा फुप्फुसाला बाधू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ तो गरजेपुरताच ठेवतात. त्यांना ते ठाऊक असेल तर. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला माणूस ‘पूर्वी काही आजार?’ या प्रश्नावर ‘काय नाही’ म्हणतो, कारण त्याच्या मनात तो आजार संपलेला असतो. कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून ‘टाटाला’, म्हणजे मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयात, गेलेल्या कितीतरी घरांत ती जाड फाइल कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली असते. नको त्या दिवसांची आठवण म्हणून कुणी ती उघडत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. तरी तिच्यातला डिस्चार्जचा कागद, म्हणजे औषधांची नावे, एकूण मात्रा, शेकाची जागा आणि तारखा, याची झेरॉक्स पाकिटात असावी, असा या नोंदीचा आग्रह आहे.

बुसल्फान आणि कार्मुस्टिन या किमोच्या औषधांची इजा फार उशिरा, काही वर्षांनीही दिसू शकते. मेथोट्रेक्सेट या औषधाने फुप्फुसाला अचानक सूज येऊ शकते. नव्या इम्युनोथेरपीत जागी झालेली प्रतिकारशक्ती फुप्फुसावरच उलटू शकते. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे रोपण झालेल्यांत बारीक श्वासनलिका आकसून बंद होत जातात. डॉक्सोरुबिसिन या किमोच्या औषधाने दमलेले हृदयही धाप लावते, म्हणून फुप्फुसाबरोबर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही करतात. पायाला एकाएकी सूज आणि त्याच्या जोडीने धाप असेल तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. तेव्हा वाट न पाहता दवाखाना गाठावा.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगातून उठलेल्यांचा धोका वेगळा आणि आपल्याकडे मोठा आहे, कारण तंबाखू. निपाणीचा तंबाखूपट्टा सीमेला लागूनच आहे. पुरुषांत मळलेला तंबाखू आणि विडी, बायकांत मिशरी. जीभ, जबडा किंवा घसा यांवर ऑपरेशन आणि शेक झाल्यावर गिळण्याचा ताल बिघडतो आणि घासातला थोडा अंश श्वासनलिकेत उतरतो. घशाची जाणीवच बोथट झालेली असेल तर ठसकाही लागत नाही. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येणे, वजन उतरणे, दर दोन-तीन महिन्यांनी न्यूमोनिया होणे या त्याच्या खुणा. पातळ पदार्थ जास्त दगा देतात. पांढरा रस्सा वाटीने प्यायची सवय असलेल्या माणसाला तो घट्ट करून, हनुवटी छातीकडे झुकवून, घोट घोट घ्यायला शिकावे लागते. हे शिकवणारे गिळण्याचे आणि वाचेचे थेरपिस्ट असतात. त्यांच्याकडे पाठवा, असे डॉक्टरांना आपणहून म्हणावे.

स्वरयंत्र काढलेला माणूस गळ्याच्या भोकातून श्वास घेतो. नाक हवा गाळते, गरम करते, ओलसर करते. ते सगळे काम बंद पडते. धूळ थेट आत जाते, कफ वाळून खडा बनतो. भोकावर ओलसर मलमलचा तुकडा किंवा फिल्टर लावतात. अशा माणसाने पंचगंगेत किंवा विहिरीत उतरू नये, भोकातून पाणी सरळ फुप्फुसात जाते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत ‘चांगभलं’च्या गजरात डोंगर गुलालाने माखतो. त्या गर्दीत गुलाल चुकवणे अशक्य असते, तेव्हा यात्रा सरल्यावर, गुलाल खाली बसल्यावर दर्शनाला जाणे त्याच्यासाठी बरे.

उपचारानंतर माणूस परत कुठल्या हवेत जातो, यावरही बरेच ठरते. शिरोली, गोकुळ शिरगाव या वसाहतींतल्या फौंड्रीत साचा फोडताना आणि कास्टिंग घासताना सिलिकाची बारीक धूळ उडते. तिने फुप्फुसात कायमचे व्रण होतात आणि क्षयाची शक्यताही वाढते. किमोने प्रतिकारशक्ती घटलेल्याला हा दुहेरी मार आहे. इचलकरंजीच्या सूतगिरण्या आणि यंत्रमागांत रुई असते; सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, ही तिची ओळख. गुऱ्हाळात चुलवाणात चिपाड घालणारा माणूस तासन्‌तास धुराच्या तोंडाशी असतो. पाचट पेटवले की शिवार धुराने भरते. घरात चूल, आणि मिशरीसाठी तव्यावर तंबाखू भाजताना उठणारा ठसका. कामच सोडा, असे सांगणे सोपे असते, पण त्या पगारावर घर चालते. मालकाकडे साचे फोडण्याऐवजी स्टोअर किंवा तपासणीचे काम मागणे, वाळू ओली ठेवणे, तोंडाला रुमालाऐवजी एन-९५ मास्क लावणे, एवढे तरी मागता येते. विडी मात्र सुटलीच पाहिजे. छातीवर शेक घेतलेल्याला फुप्फुसाचा नवा कर्करोग होण्याचा धोका आधीच असतो, आणि धूम्रपानाने तो कैक पटींनी वाढतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला तर थुंकीची तपासणी करावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांना विचारून घ्यावी. प्रतिकारशक्ती फार खाली असताना जिवंत जंतूंच्या लशी देत नाहीत.

तपासणीत स्पायरोमेट्रीने हवेची ये-जा कळते. पण व्रण पडलेले फुप्फुस हवा भरूनही प्राणवायू रक्तात पोचवू शकत नाही, आणि ते डीएलसीओ या चाचणीत दिसते. म्हणून नुसत्या फुंकरीच्या रिपोर्टवर समाधान मानू नये. सर्वांत साधी चाचणी सहा मिनिटे चालण्याची. मोकळ्या बोळात ३० मीटरवर खूण करून बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि रुग्णाला त्याच्या चालीने येरझारा घालायला सांगतात. बसल्या जागी रक्तातल्या प्राणवायूचा ९७ टक्के दिसणारा आकडा तिसऱ्या-चौथ्या फेरीला ८९ वर येतो, तेव्हा इतके दिवस ‘जरा दम लागतोय, बाकी काय नाही’ म्हणणारा माणूस स्वतःच त्या आकड्याकडे बघत थांबतो.

पडलेला व्रण जात नाही, पण उरलेले फुप्फुस आणि पायांचे स्नायू कमावता येतात. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे केलेल्या व्यायामाने धाप कमी होते. घरी रोजची वाट एकच ठेवावी, म्हणजे फरक कळतो. रंकाळा तलावाकाठी चालणाऱ्याने आपण कितव्या बाकावर टेकलो हे महिन्यातून एकदा वहीत लिहावे, आणि बाक अलीकडे सरकू लागला तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. ऊस तुटायच्या दिवसांत पहाटे धुके आणि धूर एकत्र खाली बसलेले असतात, तेव्हा ऊन पडल्यावर निघावे.