तिबोटी खंड्या

तिबोटी खंड्या (शास्त्रीय नाव : सीक्स एरिथॅका) हा दाट जंगलातल्या सावलीच्या ओढ्यांकाठी राहणारा चिमुकला खंड्या. चोच धरूनही लांबी जेमतेम १३ सेंमी. भरते, म्हणजे चिमणीहून कमीच. बहुतेक पक्ष्यांच्या पायाला चार बोटे असतात, याला तीन.

डोके नारिंगी, त्यावर जांभळी झाक; पाठ निळसर काळी, पोट पिवळेधमक, चोच आणि पाय लालभडक. नर-मादी दिसायला सारखेच. एवढी रंगांची उधळण असूनही तो चटकन नजरेस पडत नाही. पाण्यालगतच्या खालच्या फांदीवर गुपचूप बसून राहतो आणि उडाला की झाडीत दिसेनासा होतो. त्याची बारीक, तीक्ष्ण शीळ मात्र ऐकू येते.

खंड्या म्हटले की मासे आठवतात. याचा आहार त्याहून बराच वेगळा आहे. कीटक, कोळी, छोटे खेकडे, बेडूक, पाली, सापसुरळ्या असे जे मिळेल ते तो पकडतो. मासे त्यात असतात, पण केवळ त्यांच्यावर त्याचे पोट चालत नाही. म्हणूनच त्याला मोठ्या नदीपेक्षा पालापाचोळ्याने भरलेला लहानसा ओढा मानवतो.

पश्चिम घाट, ईशान्य भारत आणि श्रीलंकेपासून म्यानमार, थायलंड, मलाय द्वीपकल्पापर्यंत हा पक्षी आढळतो. कोकणात तो प्रामुख्याने पावसाळ्यात दिसतो; रायगड जिल्ह्यातले कर्नाळा अभयारण्य त्यासाठी पक्षीनिरीक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की विणीला सुरुवात होते. माती भिजून मऊ झालेली असते आणि पिल्लांना भरवायला बेडूक-किड्यांची चंगळ असते. ओढ्याच्या दरडीत, कधी रस्त्यासाठी कापलेल्या मातीच्या उभ्या कडेतही, जोडी आडवे बीळ खोदते. ते मीटरभर लांब असू शकते. आतल्या कोनाड्यात ४-५ अंडी असतात. नर-मादी आळीपाळीने ती उबवतात, सुमारे १७ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि आणखी साधारण २० दिवसांत उडू लागतात. पहिली वीण फसली तर जोडी पुन्हा अंडी घालते.

हा पक्षी रात्री स्थलांतर करतो. आग्नेय आशियातल्या शहरांत उंच इमारतींच्या काचांवर आदळून तो मरण पावल्याच्या नोंदी आहेत. विणीच्या काळात छायाचित्रकारांची बिळासमोरची गर्दीही त्याला घातक ठरू शकते : माणसे हटेपर्यंत पालक चोचीत भक्ष्य धरून दूर फांदीवर थांबतात आणि पिल्ले उपाशी राहतात.