हात लावला नाही, तरी टिटवीची अंडी धोक्यात येतात

नागपूरच्या अंबाझरी, गोरेवाडा तलावांच्या काठावर घरट्यांचे फोटो काढणारे हमखास सांगतात: माणसाचा वास लागला तरच पक्षी पिल्लं टाकून देतात, आपण तर हातही लावला नाही. हे खरं नाही. वासापायी पक्षी सहसा पिल्लं टाकत नाहीत. त्यांना धास्ती असते जवळ रेंगाळणाऱ्या माणसाची. टिटवी अंडी घालते उघड्या जमिनीवर. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ती पोटाची पिसं भिजवून आणते अन् अंडी गार ठेवते. तुम्ही कॅमेरा रोखून तिथंच बसलात, की ती ओरडत घिरट्या घालते आणि अंडी उन्हात भाजतात. कावळे टपलेलेच असतात. ती ओरडली, की लगेच मागे फिरा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात तर वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नुसती छेडणंही शिकारीच्या व्याख्येत येतं.