मैत्रीच्या धाग्यातील रंगसंगतीची पार्श्वभूमी

ऑगस्टचा पहिला रविवार, म्हणजेच मैत्रीदिन, जवळ आला की जळगाव, धुळे, अमळनेर येथील कटलरीच्या दुकानांत शाळकरी मुली मनगटावर बांधायच्या मैत्रीच्या धाग्यासाठी भरतकामाच्या दोऱ्यांच्या लडी उलटसुलट करून रंग जुळवताना दिसतात. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार खानदेशात कानबाई या देवीच्या उत्सवाचा असतो, आणि 2025 मध्ये हे दोन्ही रविवार 3 ऑगस्टलाच आल्याने अनेक घरांत देवीच्या नैवेद्याचे रोट आणि मैत्रीचे धागे यांची लगबग एकाच वेळी चालली असणार.

मैत्रीदिन आपल्याकडे मुख्यतः 1990 नंतर भेटकार्डांच्या आणि दूरचित्रवाणीच्या लाटेबरोबर रुजला. गाठींचा धागा मात्र मध्य अमेरिकेतील, विशेषतः ग्वाटेमालातील हस्तकलेतून 1980 च्या दशकात अमेरिकेतील तरुणांच्या हातावर आला आणि तेथून जगभर गेला. या विणीत पुढारी दोरा शेजारच्या दोऱ्यावर दोनदा गाठ मारतो व त्याला पूर्ण झाकतो, त्यामुळे प्रत्येक गाठीत एकच रंग दिसतो आणि दोन रंग न मिसळता शेजारी-शेजारी बसतात.

शेजारच्या रंगाने रंग कसा बदलतो, याचा शास्त्रशुद्ध शोध दोऱ्यांच्याच एका तक्रारीतून लागला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. मिशेल शेव्ररल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या नक्षीजवळचा काळा धागा फिका पडतो, अशी तेथे ओरड होती. त्यांनी तपासले, तेव्हा काळ्या रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्याच्या सान्निध्यात डोळ्याला काळ्यावर पिवळट-नारिंगी झाक भासत होती. हा नियम त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. लाल आणि हिरवा रुंद पट्ट्यांत शेजारी ठेवले तर दोन्ही झळाळतात, परंतु तेच रंग एकाआड एक गाठीत आले की दुरून मळकट तपकिरी दिसतात, याचे कारण मात्र निराळे आहे: इतके बारीक ठिपके दुरून डोळा वेगळे काढू शकत नाही.

रंगांची आजची विपुलताही जुनी नाही. खानदेशच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या आल या झुडपाच्या मुळांपासून पूर्वी कापसाच्या सुतासाठी पक्का लाल रंग मिळे. 1856 मध्ये विल्यम पर्किन यांना कृत्रिम जांभळा रंग सापडला, 1868-69 मध्ये मंजिष्ठवर्गातील वनस्पतींपासून मिळणारा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि आलची शेती हळूहळू मोडीत निघाली. सुताला रेशमासारखी चकाकी देणारी मर्सरायझिंगची प्रक्रियाही त्याच शतकातली.

अमुक रंग म्हणजे अमुक भावना, असे सांगणाऱ्या तक्त्यांना माझ्या मते फारसे महत्त्व देऊ नये. त्यापेक्षा गडद-फिक्याची जाण अधिक उपयोगी, आणि ती आपल्या भागात पूर्वीपासून आहे. तांड्यांवरील बंजारा भरतकामात लाल-निळ्या कापडावर पांढरा आणि पिवळा दोरा उठून दिसतो, तो याच जाणिवेमुळे. डाळिंबी, जांभळा आणि गडद निळा हे तिन्ही रंग सुंदर असले, तरी एकत्र विणल्यावर नक्षी हरवते. त्यांतील एक काढून मोतिया घातला, की बाणासारखी वीण लगेच स्पष्ट होते. शुभ्र पांढऱ्याने नक्षी आणखी खुलते, पण रोजच्या वापरात तो आठवडाभरात मळतो.