पार्श्वभूमी : दौलताबादच्या डाकेपासून रजिस्टर टपालापर्यंत

टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा बंद करून ती स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. या निर्णयाचा संबंध पत्रे लिहिणाऱ्यांपेक्षा कोर्टकचेऱ्यांशी अधिक आहे. तो तसा का झाला, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मराठवाड्यापुरती सुरुवात दौलताबादपासून करता येते. महंमद तुघलकाच्या काळात, चौदाव्या शतकात, येथे आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने सुलतानाच्या डाकेचे तपशीलवार वर्णन केले आहे : मैलाच्या दर तिसऱ्या हिश्श्यावर चौकी, एका हातात पत्र व दुसऱ्या हातात तांब्याचे घुंगरू लावलेली काठी घेऊन धावणारा हरकारा, आणि घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढच्या चौकीत कंबर कसून उभा राहणारा दुसरा. ही पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा जलद होती, असे तो लिहितो. सुलतानासाठी चाळीस दिवसांच्या वाटेवरून गंगेचे पाणी दौलताबादेस आणले जाई, हेही तो सांगतो. अर्थात, या वेगात रयतेचा वाटा नव्हता.

निजामी राजवटीने १८६९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली, पण ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. बाहेरच्या पत्रांसाठी इंग्रजी टपाल वापरावे लागे. ही दुहेरी व्यवस्था १९५० मध्ये संपली.

भारतात १८५५ पासून सर्वांसाठी खुल्या झालेल्या तारेने तातडी स्वतःकडे घेतली आणि पत्र सावकाशीचे झाले. खेड्यात तार आली की मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई, कारण एरवी एवढा खर्च कोण करणार? १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज तयार केली, आणि मराठवाड्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या मुलखासाठी ही बाब, माझ्या मते, दिसते त्यापेक्षा मोठी होती. एसटीडी बूथवरून थेट आवाज ऐकू येऊ लागल्यावर तारेकडे तातडीचे काम उरले नाही; तरीही जुलै २०१३ मध्ये बंद होईपर्यंत ती सरकारी कळवणुकी आणि रजेचे पुरावे यांवर तगून राहिली. बूथांना एवढेही आयुष्य लाभले नाही, कारण त्यांच्यामागे कायद्याचा आधार नव्हता आणि १९९५ मध्ये आलेला मोबाइल पुढे स्वस्त होत गेला.

कायद्याचा आधार किती टिकाऊ असतो, हे दवंडीवरून दिसते : ग्रामसभेची सूचना देण्याच्या नियमांत तिला आजवर जागा आहे. रजिस्टर टपालाला असाच आधार, कायद्यांतील शब्द व तरतुदी कशा वाचायच्या हे सांगणाऱ्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ ने दिला. योग्य पत्ता व पूर्ण टपालखर्च असलेले पत्र रजिस्टरने पाठवले, की उलट काही सिद्ध होईपर्यंत ते पोहोचले असे मानले जाते. त्यामुळे घरगुती मजकूर फोनवर गेल्यावरही नोटिसा रजिस्टरनेच निघत राहिल्या. विलीनीकरणानंतरही ही सोय उरली आहे : १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टवर ५ रुपये व कर जादा भरून नोंदणी करता येते, आणि पत्र फक्त पत्त्यावरील व्यक्तीच्या किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या हाती दिले जाते.