भात सोडला की वजन उतरतं?

‘भात बंद कर, भाकरी खा, महिन्यात फरक दिसेल.’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण तो अर्धवट आहे.

शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 78 ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीत 70 च्या आसपास. उष्मांकही जवळपास सारखेच. ज्वारीत तंतू जास्त, त्यामुळे पोट लवकर भरतं, हा फायदा खराच. पण वाटीभर भाताऐवजी तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर कर्बोदकं वाढतातच. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर तूप आणि दाण्याचं कूट. तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो कसे उतरतात? कर्बोदकं शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलं जातं. साठा संपला की पाणी जातं, काटा खाली येतो. चरबी मात्र बरीचशी तिथेच असते.

2018 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 जणांना वर्षभर कमी कर्बोदकं किंवा कमी स्निग्ध आहार दिला. सरासरी घट 6 आणि 5.3 किलो, म्हणण्यासारखा फरक नाही.

तेव्हा भात खा, पण वाटीने मोजून; सोबत घट्ट वरण, उसळ, कोशिंबीर घ्या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर कर्बोदकं एकदम कमी करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला.