अटॅकची गोळी वेगळी, अटॅकचं इंजेक्शन वेगळं

छातीत कळ आली की चावायला देतात ती गोळी आणि हॉस्पिटलात शिरेतून देतात ते महागडं इंजेक्शन, दोन्ही आपल्याकडे ‘रक्त पातळ करायचं औषध’ म्हणूनच ओळखली जातात. त्यातून घरोघरी दोन हिशेब मांडले जातात. एक, गोळी चावली आहे तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. दुसरा, एवढं इंजेक्शन झालं, आता रोजची गोळी कशाला? दोन्ही चुकीचे आहेत आणि पहिला तर जिवावर बेतणारा आहे.

अटॅकमध्ये बहुतेक वेळा घडतं ते असं: हृदयाच्या धमनीत साचलेला चरबीचा थर फाटतो, त्या जखमेवर प्लेटलेट्स येऊन चिकटतात आणि त्यांच्याभोवती फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. ही झाली गुठळी. गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. जी प्लेटलेट तिच्या तडाख्यात सापडली ती उरलेल्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा कामाला येत नाही. त्यामुळे गुठळी वाढायची थांबते. विणून झालेलं जाळं मात्र ॲस्पिरिन तोडू शकत नाही. अटॅकमध्ये दिली जाणारी गुठळी रोखणारी दुसरी औषधं, क्लोपिडोग्रेल आणि हेपॅरिन, तीही नाही. (जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट तिसरीच. ती रक्तवाहिन्या सैल करते, गुठळीशी तिचा संबंध नाही, आणि बीपी आधीच उतरलेलं असेल तर ती घातक ठरू शकते.)

जाळं तोडायचं काम इंजेक्शनचं. आपल्या रक्तात प्लास्मिनोजेन नावाचं प्रथिन निष्क्रिय पडून असतं. इंजेक्शन त्याला जागं करतं, त्याचं प्लास्मिन होतं आणि ते फायब्रिनचे धागे कापत सुटतं. यातलं जुनं औषध स्ट्रेप्टोकायनेज. स्ट्रेप्टोकोकस जिवाणू रक्ताची गुठळी विरघळवतात हे विल्यम टिलेट यांनी 1933 मध्ये दाखवलं, त्यातून ते आलं. 15 लाख युनिट्स, सलाइनमधून अर्ध्या ते एका तासात. नवं म्हणजे टेनेक्टेप्लेज. बाटलीत पांढरी पूड असते. त्यात पाणी सोडून बाटली हलकेच फिरवायची, खळखळून हलवायची नाही. रुग्णाच्या वजनाप्रमाणे 30 ते 50 मिलिग्रॅम, आणि पाच-दहा सेकंदांत सगळं शिरेत. नातेवाइकांना त्या गडबडीत ‘पेशंटचं वजन किती?’ असं का विचारतात, ते यासाठी.

मग दोन्हींत भारी कोण? याचं उत्तर 1988 साली मिळालं. आयसिस-2 या चाचणीत अटॅकचा संशय असलेले 17,187 रुग्ण होते. नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू 23 टक्क्यांनी घटले, नुसत्या स्ट्रेप्टोकायनेजने 25 टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून 42 टक्क्यांनी. काही पैशांची गोळी जवळपास तोडीस तोड निघाली, पण खरी गंमत बेरजेत आहे. गुठळी विरघळताना तिच्यात अडकलेलं थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, मोकळं होतं आणि नव्या प्लेटलेट्सना चिथावतं. म्हणजे नुसतं इंजेक्शन दिलं तर उघडलेली वाट पुन्हा बंद व्हायची भीती. (याच चाचणीत मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा काडीचाही उपयोग दिसला नाही! आकडे फार बारीक चिरले की काहीही ‘सिद्ध’ होतं, हे दाखवायला संशोधकांनी मुद्दामच तो तक्ता छापला.)

सगळ्यात मोठा फरक कुणाला द्यायचं इथे आहे. गोळी जवळपास प्रत्येक अटॅकमध्ये चालते. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसला म्हणजे झालं. इंजेक्शन फक्त ईसीजीत एसटी रेघ वर उचललेली असते त्या अटॅकमध्ये, ज्याला डॉक्टर ‘स्टेमी’ म्हणतात. बाकीच्या अटॅकमध्ये त्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त. शंभरात साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून पूर्वी लकवा, डोक्याला मार, नुकतंच ऑपरेशन, हे खोदून विचारतात. तेव्हा लपवू नका.

वेळेचंही तसंच. गोळी उशिरा दिली तरी कामाची; इंजेक्शनचा जोर दर तासाला ओसरतो. 1986च्या इटलीतल्या जिस्सी चाचणीत पहिल्या तासात स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांतले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. 12 तासांनंतर ते सहसा देतच नाहीत. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच सरस. नसेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, जवळ मिळेल तिथे इंजेक्शन घेऊन मग पुढे निघावं. गोव्यात स्टेमी प्रकल्पात हेच करतात: छोट्या सरकारी केंद्रात ईसीजी, तज्ज्ञाचा निर्वाळा, तिथेच टेनेक्टेप्लेज, आणि मग बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.

इंजेक्शननंतर तास-दीड तासाने पुन्हा ईसीजी काढतात. उचललेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली नसेल तर लगेच अँजिओप्लास्टीला न्यावं लागतं. आली असेल तरी साधारण दिवसभरात अँजिओग्राफी होते, कारण विरघळली ती गुठळी. फाटलेला चरबीचा थर जागीच आहे. रोजची गोळी त्याच्यासाठी. ती मनाने बंद करायची नाही, विशेषतः स्टेंट बसवला असेल तर.

डिस्चार्ज कार्डावर कोणतं इंजेक्शन दिलं तेही लिहून घ्या. स्ट्रेप्टोकायनेजविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि दुसऱ्यांदा ते निकामी ठरू शकतं, शिवाय ॲलर्जीचा धोका. म्हणून ते एकदा दिलं की पुन्हा देत नाहीत. टेनेक्टेप्लेजला ही अट नाही.