'नाइट'मधला 'के' एकेकाळी बोलायचा

'नाइट' म्हणजे रात्र, आणि 'नाइट' म्हणजे चिलखत चढवून घोड्यावर बसणारा सरदारही. उच्चार अगदी सारखा, पण सरदाराच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक 'के' जास्तीचा. शिवाय दोन्हींच्या मध्ये 'जी-एच' ठाण मांडून बसलेले. लहानपणी याचं कारण विचारलं की 'ती अक्षरं सायलेंट असतात, पाठ कर' एवढंच उत्तर मिळायचं. त्या उत्तराने माझं समाधान कधीच झालं नाही. ज्याने पहिल्यांदा ती अक्षरं लिहिली, त्याला ती ऐकू येत असणारच ना?

येतच होती. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये या शब्दाचा उच्चार 'क्निख्त' असा होता, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता पोरगा किंवा सेवक. सुरुवातीचा 'क' खणखणीत, मधला 'ख' घशातून घासत येणारा. जर्मन भाषेत याच कुळातला 'क्नेख्त' आजही 'क'सकट बोलला जातो. रात्रीला तेव्हा 'निख्त' म्हणत. संस्कृतातलं 'नक्तम्' आठवून पाहा. हे शब्द एकमेकांचे नातेवाईकच आहेत, आणि तिथल्या 'क्'च्याच जागी इंग्रजीत ते मुके 'जी-एच' उभे आहेत.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढच्या काळात फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी हा घशातला आवाज 'जी-एच' असा लिहायला सुरुवात केली. कालांतराने तो आवाज बोलण्यातून गळाला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ऱ्हस्व 'इ' लांबला. 'निख्त'चं जवळपास 'नीट' झालं. मग 'नीट'चं 'नाइट' कसं झालं? या गोष्टीतला सगळ्यात रंगतदार भाग हाच.

साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या घडामोडीला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' असं नाव दिलं. आधी वेळेला 'टीम' म्हणत, त्याचं 'टाइम' झालं. घर 'हूस' होतं, ते 'हाउस' झालं. चंद्राचा उच्चार दीर्घ 'ओ' लावून 'मोन' असा व्हायचा, म्हणून त्यात दोन 'ओ' आहेत; पुढे त्याचा 'मून' झाला. आणि 'नेम'? तो शब्द चक्क 'नामऽ' असा उच्चारला जायचा, आपल्या 'नाम'च्या अगदी जवळ! शेवटचा 'ई' तेव्हा मुका नव्हता, त्याचा पुसटसा 'अ' ऐकू यायचा. इटालियन किंवा स्पॅनिश माणूस आपल्या मुळाक्षरांतले हे स्वर 'आ, ए, ई' असे म्हणतो आणि इंग्रज तीच अक्षरं 'ए, ई, आय' अशी म्हणतो, ते याच सरकासरकीमुळे.

आता यातली अडचण पाहा. ही सरकासरकी चालू असतानाच, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. त्या वेळी प्रमाण इंग्रजी अशी काही नव्हतीच. १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत कॅक्स्टनने एक प्रसंग सांगितला आहे. एका व्यापाऱ्याने थेम्सकाठच्या एका बाईकडे 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, 'मला फ्रेंच येत नाही.' व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! शेवटी कुणीतरी 'एइरेन' हा अंड्यांचा दुसरा इंग्रजी शब्द वापरला, तेव्हा तिला कळलं की याला अंडी हवी आहेत. कोणता शब्द छापावा, असा प्रश्न कॅक्स्टनला पडला होता. पुढच्या दोनेकशे वर्षांत छपाईने स्पेलिंगं हळूहळू पक्की केली. लेखणी थांबली, पण जीभ पुढे चालतच राहिली. 'क्न'मधला 'क' तर सतराव्या शतकाच्या आसपास गळाला. तोवर स्पेलिंगमधला 'के' पक्का झालेला होता.

सगळा दोष काही जिभेचा नाही. 'लव्ह', 'सन' (मुलगा) आणि 'कम' यांत 'ओ' का आहे? जुन्या हस्ताक्षरात 'यू', 'एन', 'एम' ही सगळी अक्षरं नुसत्या उभ्या दांड्यांची असत. ती शेजारी आली की वाचणारा गोंधळायचा, म्हणून लेखनिक 'यू'च्या जागी 'ओ' लिहू लागले. आपल्याकडे 'ख' आणि 'रव' यांची गल्लत होऊ नये म्हणून 'ख' खालून जोडला गेला, तसंच हे. 'डेट' म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हताच. मूळ लॅटिन शब्द 'डेबिटम' आहे हे दाखवायला विद्वानांनी तो घातला. 'आयलंड'मधला 'एस' मात्र निव्वळ चूक आहे. तो शब्द अस्सल जुना इंग्रजी. लॅटिनवरून आलेल्या 'आइल'शी (अर्थ बेटच) त्याचं नातं नसताना ते जोडलं गेलं.

मग हे सगळं सुधारत का नाहीत? नोआ वेब्स्टरने अमेरिकेत प्रयत्न केला. १८२८च्या त्याच्या शब्दकोशामुळे 'कलर'मधला 'यू' तिथे कायमचा गेला. पण 'टंग' सरळ 'टी-यू-एन-जी' असं लिहा, हे त्याचं म्हणणं कुणी मानलं नाही. शिवाय उच्चाराप्रमाणे लिहायचं, तर कुणाच्या उच्चाराप्रमाणे? 'कार'मधला शेवटचा 'र' स्कॉटलंडमध्ये ऐकू येतो, लंडनमध्ये येत नाही.

आणि मला वाटतं, काही गोष्टी सुधारू नयेतच. 'साइन'मधला 'जी' मुका आहे, पण 'सिग्नेचर'मध्ये तो बोलतो. तो काढून टाकला तर या दोघांचं नातं डोळ्यांना दिसणार नाही. भूतकाळाचा 'ई-डी' कुठे 'ट' होतो, कुठे 'ड', कुठे 'इड'. लिहायला मात्र तो एकच, त्यामुळे वाचणाऱ्याला भूतकाळ लगेच ओळखता येतो. मराठीतही 'हे जग' आणि 'तू जग' यांतले दोन 'ज' वेगळे उच्चारले जातात, आपण ते एकाच अक्षराने लिहितो, आणि वाचताना एकदाही अडखळत नाही.